साडेपाच वर्षांचे हात

माझी मुलगी दर रविवारी आंघोळ झाली की तिचा ओला तळहात माझ्या तळहातावर टेकवते आणि विचारते, "मम्मा, बिग झाला का?" मी नेहमी एकच उत्तर द्यायची. अजून थोडा. ती हात काढून घ्यायची, बोटं ताणून स्वतःच बघायची आणि आजीकडे जायची. आजीही तेच सांगायची. माझ्या आईचं आणि माझं कधी एकमत होत नाही, वरणाला फोडणी कशाची द्यायची इथपासून आमचं वाजतं. पण या एका बाबतीत आम्ही दोघी सहा महिने अगदी एका तोंडानं बोलत होतो, आणि तेच मला टोचत होतं.

प्रश्न साधा होता. पोरीला पियानो शिकायचा होता आणि तो कधीपासून शिकवायचा एवढंच ठरवायचं होतं.

माझ्या नवऱ्याचा असा समज आहे की कुठलाही प्रश्न नीट वाचला की सुटतो. तो पुण्याचा, इथं हैदराबादेत कंपनीच्या नोकरीसाठी आला आणि मी भेटल्यामुळे राहिला. त्यानं मुलांच्या बोटांची हाडं कधी बळकट होतात, लक्ष किती मिनिटं टिकतं, कान कोणत्या वयात तयार होतो, सगळं वाचून काढलं आणि निकाल दिला की पाच ते सात यांमध्ये कधीही. मग बंगळुरूला बदली झालेल्या एका सहकाऱ्याचा विजेवर चालणारा पियानो तो घरी घेऊन आला. मी त्याच्यावर जुनी चादर टाकली आणि त्याची वायर माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. हात लहान आहेत, आत्ता चुकीची सवय लागली तर पुढं जात नाही, असं सांगितलं. मी स्वतः लहानपणी चार वर्षं पियानो शिकले आहे, त्यामुळे या विषयात घरात माझा शब्द शेवटचा होता.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" नवरा चादरीकडे बघून म्हणाला. त्याला म्हणी बऱ्या सुचतात, विशेषतः माझ्यावर.

आणि खरंच राहिलं नाही. शाळेतून आली की पोरगी चादरीचं एक टोक उचलून आत हात घालायची आणि मुक्या पट्ट्या दाबत बसायची. सूर नाही, नुसता प्लास्टिकचा आवाज. टक. टक टक. मी घरून काम करते त्या दिवशी कानांवर हेडफोन असायचे, तरी तो आवाज मला कळायचा. आई तेव्हा हातातलं काम ठेवायची आणि गॅलरीत जाऊन उभी राहायची. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे कुकटपल्लीत राहते. सगळा जन्म काचीगुड्यात जमिनीवर काढलेली बाई, नवव्या मजल्यावरून खाली बघायला तिला भीती वाटते. तरी ती तिथं जाऊन उभी राहायची.

नवऱ्यानं तिलाही समजावून बघितलं. "आई, तिसऱ्या वर्षी तुम्हीच तिला बासरला सरस्वतीच्या देवळात नेऊन अक्षराभ्यास केलात. तांदळावर श्री काढायला हात पुरला की तिचा. मग हे का नको?"

"अक्षर वेगळं, जावईबापू," आई म्हणाली. "हे आत्ताच नक्को. आठाची होऊ द्या. एवढ्या लेकराला तिन्हीसांजेचं बाहेर नेऊ नये."

 आमच्या घरात एक मूल गेलं होतं आणि ते माझी धाकटी बहीण होती, एवढं त्याला माहीत होतं. त्यापुढं त्यानं कधी विचारलं नाही, आणि मी तर सांगितलंच नाही.

मी आठ वर्षांची असताना पियानो शिकायला जाऊ लागले. बाबा ज्या शाळेत गणित शिकवायचे तिथं प्रार्थनेला पियानो वाजवणाऱ्या एक बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्या स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये भावाकडे राहायच्या, आणि त्यांचा जुना पियानो त्या घराची अर्धी खोली व्यापून असायचा. सगळी मुलं त्यांना टीचर म्हणायची. घरी तेलुगू आणि आमच्याशी दखनी बोलायच्या. बाबांवर त्यांचा लोभ होता म्हणून मला शिकवायला घेतलं. आमच्या घरापासून दोन गल्ल्या आणि एक चौरस्ता ओलांडला की त्यांचं घर.

वर्षभरानं आईनं धाकटीलाही माझ्याबरोबर धाडायला सुरुवात केली. शिकायला नाही, तेवढाच आईला तासभर उसंत मिळावी म्हणून. धाकटी साडेपाच वर्षांची होती. ती कोपऱ्यात बसून ऐकायची आणि मला ते मुळीच आवडायचं नाही, कारण तो तास माझा होता. घरात तर माझं असं काहीच नव्हतं, फ्रॉकसुद्धा मापानं आखूड झाला की तिचा व्हायचा.

एका महिन्यानं टीचरनी तिला दोन उशा रचून स्टुलावर बसवलं. हात कसा धरायचा हे शिकवायची त्यांची एक रीत होती. त्या लिंबू घ्यायच्या आणि वह्या तपासायच्या लाल पेननं त्यावर पाच ठिपके द्यायच्या. पाच बोटांची टोकं त्या पाच ठिपक्यांवर ठेवायची, मग लिंबू हळूच काढून घ्यायचं आणि हात तसाच गोल ठेवून पट्ट्यांवर टेकवायचा. "नींबू निकला, लेकिन हाथ को मालूम नहीं पड़ना," असं त्या म्हणायच्या. माझ्या हाताला ते लगेच कळायचं. लिंबू काढलं की माझा पंजा पोळीसारखा चपटा पडायचा. वर्षभर पडत होता. धाकटीचा हात पहिल्या आठवड्यातच तसाच्या तसा राहिला, फक्त करंगळी जरा वर उभी राहायची. आणि जी चाल मी तीन आठवडे घोटत होते ती तिनं कोपऱ्यात बसून ऐकलेली एका हातानं वाजवून दाखवली. टीचर हसल्या. मला म्हणाल्या, "देखो, छोटी को आ गया." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्या मनात होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अमावास्या आली. टीचरनी धाकटीला घरी हात घोटायला म्हणून ते लिंबू दिलं. संध्याकाळी आई दिवा लावत होती आणि धाकटी तिच्या पायाशी घोटाळत होती. आईनं तिचा फ्रॉक चाचपला आणि खिशातून ते बाहेर काढलं.

आमच्या घरात त्याचा दुसरा अर्थ होऊच शकत नव्हता. अमावास्येचा दिवस, लिंबू, त्यावर लाल ठिपके, आणि तेही विषम. आमच्या त्या चौरस्त्यावर दर अमावास्येला कुणी ना कुणी उतारा टाकायचं, आणि आम्ही मुली खाली बघत, पाय वाचवत जायचो. आईच्या हातून ते लिंबू खाली पडलं. मग तिनं ते कागदात उचललं.

"कुठून आणलंस?"

"टीचरनं दिलं," धाकटी म्हणाली.

आईनं माझ्याकडे बघितलं. "दिलं का गं टीचरनं?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. ते जिभेवर तयारच होतं. मी म्हणाले, "नाही. चौरस्त्यावरनं उचललं असेल तिनं."

आईनं धाकटीला एक चापट मारली. उचललं म्हणून नाही, खोटं बोलली म्हणून. आईचं ते आवडतं वाक्य होतं, की मुलाचे शंभर गुन्हे माफ, पण खोटं नाही. धाकटी लगेच रडली नाही. गालावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. आईकडे नाही, माझ्याकडे. मग आईनं मीठमिरच्यांनी तिची दृष्ट काढली, बाबांनी ते लिंबू सायकलवरून नेऊन मुशी नदीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी ठरलं की धाकटी अजून फार लहान आहे, रस्त्यावरचं काहीही उचलते, तिला आठ वर्षांची झाल्याशिवाय पाठवायचं नाही. मी एकटी गेले. टीचरना सांगितलं, "छोटी की तबियत ठीक नहीं." बऱ्याच दिवसांनी त्यांनी धाकटीसाठी ठेवलेली ती दुसरी उशी उचलून ठेवली.

धाकटीनं माझं नाव कधी घेतलं नाही. तिला ते नीट सांगता आलं नसेल, किंवा सांगून उपयोग नाही हे एका चापटीत तिला कळलं असेल. ती खिडकीच्या कट्ट्यावर बोटं वाजवायची आणि मी आईला हाक मारायची, की बघ, ही मला अभ्यास करू देत नाही. आठ वर्षं म्हणजे किती दिवाळ्या, असं ती विचारायची. तिला एकच दिवाळी मिळाली. चौदा महिन्यांनी तिला ताप आला, तो डोक्यात गेला आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

आईनं कुणाला काही विचारलं नाही. तिला कारण माहीत होतं. लोक उतारा ओलांडतात, हिनं तर उचलून खिशात ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात लिंबू आलं नाही. हैदराबादेत सगळ्यात चिंच घालतात, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं पहिल्यांदा पोह्यांवर लिंबू मागितलं तेव्हा आईनं त्याला दही वाढलं. त्यानं ते निमूट खाल्लं. तो त्याला हैदराबादी पद्धत समजला.

त्या लिंबानंतर मी एकूण तीन वर्षं शिकत राहिले. परीक्षा दिल्या, पास झाले. हात गोल ठेवायला अखेर जमलं. टीचर गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मी गेले नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका पकडणं ही माझी नोकरी आहे, आणि त्यात मी वाईट नाही. पण ती मुकी टकटक सुरू झाली की मला पुढचा सूर आधी कळायचा. पोरगी तो दाबायच्या आधीच. एका दुपारी मी कामातून उठून चादरीचं दुसरं टोक उचललं. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. हात गोल होता, आणि करंगळी जरा वर उभी होती. मी चादर खाली सोडली.  हात लहान आहेत, असं मी त्या रविवारीही सांगितलं.

शेवटी नवऱ्यानं ऐकलं नाही. एका शनिवारी मला आणि पोरीला गाडीत घातलं आणि मेट्रोच्या पलीकडच्या एका क्लासमध्ये घेऊन गेला. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शिकवायची. तिनं पोरीला टाळ्यांचा ठेका ऐकवून पुन्हा वाजवायला लावला, एकेक बोट सुटं दाबायला लावलं. मग मला हिंदीत म्हणाली की हात लहान आहे, पण हात वाढेल. कान मात्र आत्ताच मागतोय. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवणार नाही, आणि घरचं कुणीतरी एक माणूस दर वेळी आत बसायला हवं. मी म्हणाले, विचार करून सांगते. ती म्हणाली, "मॅम, किस बात का?" मला तिचा राग आला.

घरी येऊन नवऱ्यानं आईला सांगितलं. आई सोफ्यावर बसून गवार मोडत होती. "नक्को म्हटलं ना," ती म्हणाली. मग पोरगी तिच्या गुडघ्याला बिलगली तेव्हा तिनं आजवर कधी काढला नव्हता तो विषय काढला. "तुझी एक मावशी होती बेटा. तुझ्याएवढीच. हे शिकायला जाता-येता रस्त्यावरचं नको ते उचललं तिनं, आणि वर खोटं बोलली. मग देवानं नेलं तिला."

पोरीनं जरा विचार केला. "मावशी लाय बोलली, म्हणून डेड झाली?"

आईनं गवारीची पुढची शेंग उचलली. मी बोलले. एवढ्या वर्षांत स्वतःशीसुद्धा मोठ्यानं न बोललेलं वाक्य माझ्या तोंडून निघालं. "नाही. मावशी खोटं बोलली नव्हती."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि पोरीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेला. या माणसाला कधी विचारू नये ते कळतं, हे मला मान्य केलं पाहिजे.

मी आईच्या समोर खाली फरशीवर बसले आणि सांगितलं. लिंबू टीचरनीच दिलं होतं. ठिपके लाल पेनचे होते. बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून.

आई गवार मोडत राहिली. "पाच ठिपके?"

"पाच बोटांचे पाच."

"तुला माहीत होतं."

"हो. मलाही तसंच शिकवलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

किती तरी उत्तरं मी इतक्या वर्षांत घडवून ठेवली होती. मी लहान होते, घाबरले होते, तू इतकी चिडली होतीस. त्यातलं एकही वापरलं नाही. "ती माझ्यापेक्षा चांगली वाजवायची," मी म्हणाले.

आईनं हातातली शेंग मोडली नाही. "मी मारलं होतं तिला," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्याकडं बघत होती ती. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून आता बहिणीकडं बघतंय लेकरू." तिनं ती शेंग ताटात ठेवली. "हौ. साक्ष मागत होती तुझी."

मी रडले. आई रडली नाही. गवारीचं ताट उचलून ती आत गेली आणि नेहमीच्या वेळेला भाजी झाली. नंतरचे पाच-सहा दिवस तिनं मला रोज पहिल्यासारखंच वाढलं, आणखी हवं का विचारलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं वाटायचं. मला भांडता येतं. वाढलेल्या ताटाशी कसं भांडणार?

शुक्रवारी सकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "उद्या किती वाजता असतो तो क्लास?"

"साडेपाचला, आई."

"नाव घाला पोरीचं. आठाची वाट बघायची नाही आता या घरात." मग पोळी लाटता लाटता म्हणाली, "आत मी बसेन."

मला राहवलं नाही. इतकं सगळं झाल्यावरही राहवलं नाही, असा माझा स्वभाव. "तू बसून काय करणार? तुला सुरातलं काय कळतं? मी शिकलेय. चुकलं तर मला कळेल."

आईनं सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुला कळतं म्हणूनच," ती म्हणाली. "तू बाहेर बस."

शनिवारी नवरा गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि आम्ही तिघी वर गेलो. आईनं एका हातानं कठडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं पोरीला. दार उघडलं, दोघी आत गेल्या, दार लागलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले. शेजारच्या फ्लॅटमधून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या आणि खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. आतून आधी एकच सूर आला. मग तोच, पुन्हा पुन्हा, सात-आठ वेळा. कुणीतरी हसलं, बहुतेक आई. मग तीन सूर ओळीनं आले, एकापाठोपाठ एक, स्वच्छ, कुठंही न अडखळता.

आदल्या दिवसापासून मी स्वतःला बजावलं होतं की तो आवाज ऐकून मला आनंद होईल. आनंद झाला. डोळे भरून आले. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मी मोजून झाले होते की मला एवढं यायला किती दिवस लागले होते.